इंग्रजीत दुसऱ्याचे बोलणे सांगताना काळ का आणि केव्हा बदलतो? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इंग्रजी व्याकरणाचा ‘डायरेक्ट-इनडायरेक्ट’ हा भाग शाळेत बहुधा एका तक्त्याच्या आधारे शिकवला जातो. तक्ता पाठ असूनही पुढे ऑफिसची ई-मेल, सभेचे इतिवृत्त किंवा बातमी लिहिताना हात अडखळतोच, आणि मग त्याच त्या शंका पुन्हा विचारल्या जातात. त्यांतल्या नेहमीच्या शंकांची उत्तरे येथे दिली आहेत. इंग्रजी वाक्ये देवनागरीतच लिहिली आहेत.

काळ बदलतो म्हणजे नेमके काय होते?

सई सोमवारी संध्याकाळी म्हणते, “आय ॲम टायर्ड.” तिचे शब्द अवतरणचिन्हांत जसेच्या तसे दिले की ते प्रत्यक्ष कथन होते: सई सेड, “आय ॲम टायर्ड.” तेच बोलणे आपण आपल्या वाक्यात सामावून घेतले की अप्रत्यक्ष कथन होते: सई सेड दॅट शी वॉज टायर्ड. ‘आय’चे ‘शी’ झाले, कारण दमलेली सई आहे आणि सांगणारे आपण आहोत. ‘ॲम’चे ‘वॉज’ झाले, कारण ती बोलली सोमवारी आणि आपण सांगतो आहोत नंतर. क्रियापदाचे हे एक पायरी मागे सरकणे म्हणजेच काळबदल. ‘दॅट’ गाळले तरी चालते. त्यामुळे काळाच्या नियमात काही फरक पडत नाही.

मराठीत असे काही करावे लागत नाही. मग इंग्रजीतच का?

सगळ्या अडचणीचे मूळ याच प्रश्नात असल्यामुळे येथे थोडे थांबणे योग्य ठरेल. मराठीत आपण म्हणतो, ‘सई म्हणाली की मी दमले आहे’ किंवा ‘मी दमले आहे असे सई म्हणाली’. ‘म्हणाली’ भूतकाळी असूनही ‘दमले आहे’ जागचे हलत नाही, आणि पुष्कळदा ‘मी’सुद्धा सईचाच राहतो. ‘की’च्या पुढे आपण मूळ बोलणाऱ्याला बोलू देतो आणि स्वतः बाजूला होतो. इंग्रजीत ‘दॅट’च्या पुढेही सांगणाराच बोलत असतो, म्हणून सर्वनाम, काळ आणि ‘आज’, ‘येथे’ यांसारखे शब्द हे सगळे त्याच्या जागेवरून आणि त्याच्या वेळेवरून मोजले जाते. मराठी वाक्यात बोलणाऱ्याचे घड्याळ चालू राहते, इंग्रजी वाक्यात सांगणाऱ्याचे, एवढे ध्यानात ठेवले तर तक्त्याची गरज निम्म्याने कमी होते.

हा इंग्रजीचा एकटीचा हट्ट नाही. लॅटिनमध्ये मुख्य वाक्याच्या काळावरून गौण वाक्याचा काळ ठरवण्याचा कडक नियम होता, आणि इंग्रजी व्याकरणातली ‘सीक्वेन्स ऑफ टेन्सेस’ ही संज्ञा त्याच परंपरेतून आली. उलट रशियन भाषेत मराठीप्रमाणेच मूळ बोलण्यातला काळ कायम राहतो. त्यामुळे इंग्रजी शिकणाऱ्या रशियन विद्यार्थ्याची आणि मराठी विद्यार्थ्याची चूक येथे तंतोतंत एकच असते.

ही चूक केवळ गुण घालवणारी नसते, ती अर्थ फिरवते. एका अहवालाचा मसुदा तपासताना माझ्यासमोर एक वाक्य आले होते: “द कस्टमर सेड दॅट वी आर स्टॉपिंग द ऑर्डर.” लिहिणाऱ्याच्या मनात ‘ग्राहक म्हणाला की आम्ही ऑर्डर थांबवत आहोत’ हे सरळ मराठी वाक्य होते आणि त्यातले ‘आम्ही’ म्हणजे ग्राहक. इंग्रजी वाचणाऱ्याला मात्र त्याचा अर्थ ‘ऑर्डर आमची कंपनीच थांबवत आहे, असे ग्राहकाचे म्हणणे’ असा लागला असता. “द कस्टमर सेड दॅट दे वेअर स्टॉपिंग द ऑर्डर” एवढीच दुरुस्ती करावी लागली, पण तेवढ्याने दोष एका पक्षाकडून दुसऱ्या पक्षाकडे गेला.

“शी सेड दॅट इट वॉज रेनिंग” याचा अर्थ पाऊस तेव्हा पडत होता, की त्याच्याही आधी?

ती बोलली तेव्हा पडत होता. तिचे मूळ शब्द “इट इज रेनिंग” असे होते. मराठीत याचे भाषांतर ‘पाऊस पडतो आहे असे ती म्हणाली’ असे होते. आपण ‘वॉज रेनिंग’ पाहताच ‘पडत होता’ असे मनात म्हणतो आणि मग पाऊस थांबून गेला असावा असे वाटू लागते. तिच्या बोलण्याच्या वेळी पाऊस थांबलेला होता आणि ती आधीच्या पावसाबद्दल बोलत होती असे सांगायचे असेल, तर इंग्रजी एक पायरी आणखी मागे जाते: शी सेड दॅट इट हॅड बीन रेनिंग. मराठीतला ‘पडतो आहे’ हा इंग्रजीत ‘वॉज’ होतो आणि मराठीतला ‘पडत होता’ हा ‘हॅड बीन’ होतो, अशी जोडी एकदा मनात पक्की बसली की पुढचे पुष्कळ सोपे होते.

कोणता काळ कोणत्या काळात जातो?

सांगणारे क्रियापद, म्हणजे ‘सेड’, ‘टोल्ड’, ‘आस्क्ड’ वगैरे, भूतकाळी असेल तर ‘वर्क्स’चे ‘वर्क्ड’, ‘इज वर्किंग’चे ‘वॉज वर्किंग’, ‘हॅज वर्क्ड’चे ‘हॅड वर्क्ड’ आणि ‘हॅज बीन वर्किंग’चे ‘हॅड बीन वर्किंग’ होते. मूळ क्रियापद भूतकाळीच असेल, तर ‘वर्क्ड’चे ‘हॅड वर्क्ड’ आणि ‘वॉज वर्किंग’चे ‘हॅड बीन वर्किंग’ होते. मुळातच ‘हॅड वर्क्ड’ असेल तर मागे सरकायला पायरीच उरत नाही, म्हणून ते तसेच राहते.

याचा एक परिणाम पुष्कळांच्या लक्षात येत नाही. ‘वर्क्ड’, ‘हॅज वर्क्ड’ आणि ‘हॅड वर्क्ड’ या तिन्ही वाटा शेवटी ‘हॅड वर्क्ड’ याच ठिकाणी येऊन मिळतात. त्यामुळे “ही सेड दॅट ही हॅड फिनिश्ड” हे वाक्य पुन्हा प्रत्यक्ष कथनात आणायला सांगितले, तर “आय फिनिश्ड” आणि “आय हॅव फिनिश्ड” ही दोन्ही उत्तरे बरोबर ठरतात, आणि त्यांतले एकच बरोबर मानणे हा विद्यार्थ्यावर अन्याय आहे.

सांगणारे क्रियापद वर्तमानकाळी असेल तर?

काळ बदलत नाही. “सई सेज दॅट शी इज टायर्ड” येथे बोलण्याची वेळ आणि सांगण्याची वेळ एकच धरली आहे. सूचनाफलक, पत्र आणि पुस्तक यांच्या बाबतीतही हेच चालते, कारण लिहिलेले अजून समोर आहे: “द नोटीस सेज दॅट द ऑफिस इज क्लोज्ड टुडे.” ‘हॅज सेड’, ‘हॅव टोल्ड’ हे पूर्ण वर्तमानकाळही बहुधा याच गटात धरतात. सर्वनाम मात्र येथेही बदलावेच लागते.

साधा भूतकाळ दर वेळी ‘हॅड’मध्ये न्यायलाच हवा का?

शाळेत हो म्हणतात, पण प्रत्यक्षात नेहमी नाही. नियम कोठे गरजेचा आणि कोठे नुसता शोभेचा, हे क्रियापद कोणत्या जातीचे आहे यावर पुष्कळसे अवलंबून असते. काही क्रियापदे एखादी स्थिती सांगतात: राहणे, असणे, माहीत असणे, नोकरीला असणे. काही क्रियापदे घडून गेलेली घटना सांगतात: विकत घेणे, पडणे, मोडणे, भेटणे.

“ही सेड दॅट ही लिव्ह्ड इन नागपूर” हे वाक्य वाचणारा असेच समजेल की बोलताना तो नागपूरला राहत होता, म्हणजे मूळ शब्द “आय लिव्ह इन नागपूर” असे होते. तो पूर्वी कधीतरी राहत असल्याचे सांगायचे असेल, तर “ही हॅड लिव्ह्ड इन नागपूर” असेच लिहावे लागते. येथे ‘हॅड’ गाळले की अर्थ बदलतो. “ही सेड दॅट ही बॉट अ हाऊस इन नागपूर” या वाक्यात मात्र असा घोटाळा सहसा होत नाही, कारण खरेदी ही एकदाच घडणारी गोष्ट आहे आणि ती बोलण्याआधीच झाली असणार. त्यामुळे “ही हॅड बॉट” आणि “ही बॉट” दोन्ही चालतात. साल दिलेले असले तर ‘हॅड’ची गरज आणखीनच कमी होते: “माय ग्रँडफादर सेड दॅट ही वॉज बॉर्न इन 1942.” येथे ‘हॅड बीन बॉर्न’ लिहिणे चूक नाही, पण बोलताना असे सहसा कोणी म्हणत नाही.

लांब हकीकत सांगतानाही प्रत्येक क्रियापदाला ‘हॅड’ लावत बसू नये. पहिल्या एक-दोन क्रियापदांना लावले की वाचणाऱ्याला कथा कोणत्या काळात चालली आहे ते कळते, आणि पुढे साधा भूतकाळ पुरतो. दहा ओळींत दहा ‘हॅड’ आले तर वाचणारा दमतो.

कायमच्या सत्याला हा नियम लागू होत नाही, असे शिकवतात. ते कितपत खरे आहे?

ते खरे आहे, पण अपुरे आहे. “द टीचर सेड दॅट द अर्थ मूव्ह्ज राउंड द सन” येथे ‘मूव्ह्ज’ ठेवतात, कारण पृथ्वी आजही फिरते आहे. ‘मूव्ह्ड’ लिहिले तरी ते चुकीचे इंग्रजी ठरत नाही. वर्तमानकाळ येथे सक्तीचा नाही, तर फक्त मोकळीक म्हणून आहे.

खरी मौज पुढे आहे. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातल्या टॉलेमीचे मत असे होते की सूर्य पृथ्वीभोवती फिरतो. हे इंग्रजीत सांगताना “टॉलेमी बिलीव्ह्ड दॅट द सन मूव्ह्ड राउंड द अर्थ” असेच म्हणावे लागते. त्याच्या दृष्टीने ते कायमचे सत्य होते, तरीही ‘मूव्ह्ज’ लिहिता येत नाही. कारण वर्तमानकाळ ठेवला की सांगणाराही त्या विधानाच्या पाठीशी उभा राहतो. कोपर्निकसचा ग्रंथ 1543 मध्ये प्रसिद्ध झाला. त्याच्याविषयी लिहिताना मात्र “कोपर्निकस आर्ग्यूड दॅट द अर्थ मूव्ह्ज राउंड द सन” असे आपण बिनदिक्कत लिहू शकतो, कारण ते आपल्यालाही मान्य आहे. काळाच्या निवडीतून सांगणाऱ्याचे मत कसे दिसते, हे या दोन वाक्यांत जितके स्पष्ट दिसते तितके कोणत्याही तक्त्यात दिसत नाही.

बोलणे कायमचे सत्य नाही, पण अजून लागू आहे. अशा वेळी काय करावे?

समजा, सई आज सकाळी म्हणाली, “आय ॲम मूव्हिंग टू पुणे नेक्स्ट मंथ.” आपण हे आज दुपारीच कोणाला सांगत असू तर “सई सेड शी इज मूव्हिंग टू पुणे नेक्स्ट मंथ” हे अगदी स्वाभाविक इंग्रजी आहे. “शी वॉज मूव्हिंग” हेही चालते. फरक असा की ‘इज’ म्हटले तर बेत ठाम आहे आणि आपण तो खरा धरून चाललो आहोत असे ध्वनित होते. ‘वॉज’ म्हटले तर आपण फक्त तिचे म्हणणे पोहोचवत आहोत. पुढे बेत बदलला तर आपल्यावर जबाबदारी येत नाही. बेत मोडल्याचे आपल्याला ठाऊक असेल, तर मात्र ‘वॉज’शिवाय पर्याय नाही. ऑफिसच्या लेखी व्यवहारात शंका असेल तेव्हा मागची पायरी घ्यावी, असे माझे मत आहे.

‘विल’, ‘कॅन’, ‘मे’ आणि ‘मस्ट’ यांचे काय होते?

‘विल’चे ‘वुड’, ‘कॅन’चे ‘कुड’ आणि ‘मे’चे ‘माइट’ होते. ‘वुड’, ‘कुड’, ‘माइट’, ‘शुड’, ‘ऑट टू’ आणि ‘यूज्ड टू’ हे जसेच्या तसे राहतात. ‘मे’ परवानगीच्या अर्थाने असेल तर आजच्या इंग्रजीत ‘माइट’पेक्षा ‘कुड’ अधिक ऐकू येते: “शी सेड आय कुड लीव्ह अर्ली.”

‘मस्ट’ला स्वतःचे भूतकाळी रूप नाही, आणि म्हणून गोंधळ त्याच्याच बाबतीत सर्वांत जास्त होतो. निकड सांगणारे “आय मस्ट गो” हे “शी सेड दॅट शी हॅड टू गो” होते. निकड पुढची असेल तर ‘वुड हॅव टू’ येते. पण “ही मस्ट बी ॲट होम” यात निकड नाही, अंदाज आहे, म्हणजे मराठीतले ‘तो घरी असेल, नक्की’. तेथे ‘हॅड टू बी’ लिहिल्यास ‘त्याला घरी असणे भाग होते’ असा भलताच अर्थ निघू शकतो, म्हणून ‘मस्ट’ तसेच ठेवावे. कायद्याची किंवा कायमच्या नियमाची भाषा असेल तरीही ‘मस्ट’ हलवू नये.

‘मस्ट नॉट’च्या बाबतीत आणखी जपावे लागते. “यू मस्ट नॉट टच इट” म्हणजे ‘हात लावू नकोस’. याचे “ही सेड दॅट आय डिडंट हॅव टू टच इट” असे केले तर अर्थ ‘हात लावायची गरज नाही’ असा होतो, आणि लावू नये ते लावायला मोकळीक मिळते. येथे ‘मस्ट नॉट’ कायम ठेवावे किंवा “ही टोल्ड मी नॉट टू टच इट” असे सरळ लिहावे. ‘डिडंट हॅव टू’ हे ‘नीड नॉट’साठी राखून ठेवावे.

‘शॅल’ प्रश्नात येते तेव्हा ते सल्ला किंवा परवानगी विचारते. “शॅल आय ओपन द विंडो?” याचे “ही आस्क्ड इफ ही शुड ओपन द विंडो” होते, ‘वुड’ नव्हे.

एखाद्या प्रसिद्ध भाषणातले वाक्य घेऊन हे दाखवता येईल का?

जवाहरलाल नेहरू यांनी 14 ऑगस्ट 1947 च्या रात्री संविधान सभेत केलेल्या भाषणातले एक वाक्य असे आहे: “ॲट द स्ट्रोक ऑफ द मिडनाइट आवर, व्हेन द वर्ल्ड स्लीप्स, इंडिया विल अवेक टू लाइफ अँड फ्रीडम.” अप्रत्यक्ष कथनात ते असे होईल: नेहरू सेड दॅट ॲट द स्ट्रोक ऑफ द मिडनाइट आवर, व्हेन द वर्ल्ड स्लेप्ट, इंडिया वुड अवेक टू लाइफ अँड फ्रीडम. ‘विल’चे ‘वुड’ होणार हे सगळ्यांना सुचते. ‘व्हेन’च्या पोटवाक्यातले ‘स्लीप्स’ मात्र बहुतेक विद्यार्थी तसेच सोडतात. ते दिसायला वर्तमानकाळी असले तरी सांगते येणाऱ्या मध्यरात्रीबद्दल, म्हणून मुख्य क्रियापद मागे गेले की त्यालाही मागे जावे लागते.

त्याच भाषणाच्या आरंभी “लाँग इयर्स अगो वी मेड अ ट्रिस्ट विथ डेस्टिनी” असे शब्द आहेत. येथे ‘मेड’चे ‘हॅड मेड’ होईल. ‘वी’चे मात्र नियमाने ‘दे’ करण्याआधी वृत्तांत कोण लिहितो आहे हे पाहावे. परदेशी वार्ताहराला ‘दे’ लिहावे लागेल. लिहिणारा भारतीय असेल आणि त्या ‘आम्ही’त स्वतःला धरत असेल, तर त्याने ‘वी’ ठेवले तरी ते बरोबरच आहे. सर्वनाम बदलण्याचा नियम यांत्रिक नाही, तो नात्याचा आहे.

‘इफ’ असलेल्या वाक्यांचे काय?

खरी शक्यता सांगणारे वाक्य मागे सरकते: “इफ इट रेन्स, द मॅच विल बी कॅन्सल्ड” याचे “ही सेड दॅट इफ इट रेन्ड, द मॅच वुड बी कॅन्सल्ड” होते. ‘मी तुझ्या जागी असतो तर’ अशा कल्पित वाक्यांत भूतकाळाचे रूप काळ सांगत नसते, ते कल्पना सांगत असते. म्हणून “इफ आय वेअर…” किंवा “इफ आय हॅड नोन…” यांतली क्रियापदे आहेत तशीच राहतात. ‘आय विश’ आणि ‘इट इज टाइम’ यांच्यानंतर येणाऱ्या भूतकाळालाही हेच लागू आहे.

प्रश्नार्थक वाक्यात काळाबरोबर आणखी काय बदलते?

शब्दक्रम बदलतो, आणि चुका काळापेक्षा तेथेच जास्त होतात. “व्हेअर डू यू लिव्ह?” याचे “ही आस्क्ड मी व्हेअर आय लिव्ह्ड” होते. ‘डू’ गळून पडते, काळ ‘लिव्ह’वर जातो आणि वाक्याची मांडणी साध्या विधानासारखी होते. आपल्याकडे “ही आस्क्ड मी दॅट व्हेअर डू यू लिव्ह” असे वाक्य सर्रास ऐकू येते. त्यामागे ‘त्याने विचारले की तू कुठे राहतोस’ यातला ‘की’ आहे. इंग्रजीत प्रश्नाच्या शब्दाआधी ‘दॅट’ बसत नाही.

हो-नाही उत्तराच्या प्रश्नात मराठीच्या ‘का’चे काम ‘इफ’ किंवा ‘व्हेदर’ करते. आजी विचारते, “जेवलीस का?” हेच इंग्रजीत “डिड यू ईट?” असे असेल, तर अप्रत्यक्ष कथन “शी आस्क्ड मी इफ आय हॅड ईटन” असे होईल. येथे ‘डिड’मधला भूतकाळ ‘हॅड’मध्ये गेला आहे, तो हरवलेला नाही.

आज्ञा आणि विनंती यांत काळ बदलतो का?

बदलायला काळच नसतो. “ओपन द डोअर” याचे “ही टोल्ड मी टू ओपन द डोअर” आणि “डोंट वरी” याचे “शी टोल्ड मी नॉट टू वरी” होते. ‘ऑर्डर्ड’, ‘रिक्वेस्टेड’, ‘ॲडव्हाइज्ड’ यांतून प्रसंगाला साजेसे क्रियापद निवडणे एवढेच उरते. वडिलांना उद्देशून असलेल्या वाक्यासाठी ‘ऑर्डर्ड’ लिहू नये, हे सांगायची गरज पडू नये, पण उत्तरपत्रिका तपासताना पडते.

‘टुडे’, ‘टुमॉरो’, ‘यस्टरडे’ नेहमी बदलायचे का?

आपण कधी सांगत आहोत त्यावर ते ठरते. सई सोमवारी म्हणाली, “आय विल कम टुमॉरो.” हे आपण सोमवारीच सांगितले तर “शी सेड शी वुड कम टुमॉरो” असे ‘टुमॉरो’ तसेच राहते. मंगळवारी सांगितले तर तोच दिवस ‘टुडे’ होतो. पुढच्या आठवड्यात सांगितले तर ‘द नेक्स्ट डे’ म्हणावे लागते. तक्त्यात ‘टुमॉरो’समोर ‘द नेक्स्ट डे’ एवढेच लिहिलेले असते, कारण तक्ता हे गृहीत धरतो की मधे बराच काळ लोटला आहे. ‘अगो’चे ‘बिफोर’, ‘नाऊ’चे ‘देन’ आणि ‘हिअर’चे ‘देअर’ यांनाही हाच विचार लावावा. पुण्यात बोललेले पुण्यातच सांगत असू तर ‘हिअर’ कशाला बदलायचे?

‘सेड’ आणि ‘टोल्ड’ यांत गल्लत होते. सोपी खूण आहे का?

‘टोल्ड’नंतर ज्याला सांगितले ती व्यक्ती यायलाच हवी आणि ‘सेड’नंतर ती थेट येऊ शकत नाही. “ही टोल्ड मी दॅट…” आणि “ही सेड दॅट…” ही दोन्ही बरोबर आहेत. “ही सेड मी” आणि “ही टोल्ड दॅट” ही दोन्ही चूक. मराठीत ‘सांगणे’ आणि ‘म्हणणे’ यांतही असाच फरक आहे: आपण ‘मला सांगितले’ म्हणतो, पण ‘मला म्हणाला’ हेही आपल्याकडे चालते, आणि घोटाळा तेथूनच सुरू होतो.

इंग्रजी वर्तमानपत्रांत “सेड”नंतर “विल” छापलेले दिसते. ते चूक आहे का?

भारतातल्या इंग्रजी वर्तमानपत्रांत “द मिनिस्टर सेड द वर्क विल बी कम्प्लीटेड” आणि “वुड बी कम्प्लीटेड” अशी दोन्ही रूपे दिसतात. काम अजून पुढे व्हायचे असल्यामुळे ‘विल’ व्याकरणाने बाद ठरत नाही. मात्र वर टॉलेमीच्या उदाहरणात पाहिले त्याप्रमाणे ‘विल’ लिहिणारा वार्ताहर आश्वासनाला स्वतःचाही थोडा आधार देतो, तर ‘वुड’ लिहिणारा ते मंत्र्यांच्याच पदरात ठेवतो. सभेच्या इतिवृत्तात तर ‘वुड’च असावे, कारण इतिवृत्त महिन्यांनंतर वाचले जाते आणि तेव्हा ‘विल’ म्हणजे नेमके केव्हा, हे कळेनासे होते.

परीक्षेत यातले काय लिहावे?

दहावी-बारावीच्या आणि स्पर्धा परीक्षांच्या प्रश्नांत प्रसंग दिलेला नसतो, त्यामुळे बोलणे आणि सांगणे यांत काळ लोटला आहे असेच धरावे. काळ मागे न्यावा, साध्या भूतकाळाला ‘हॅड’ लावावा, ‘टुमॉरो’चे ‘द नेक्स्ट डे’ करावे आणि कायमचे सत्य मात्र वर्तमानकाळात ठेवावे. वर सांगितलेल्या सवलती खऱ्या असल्या तरी परीक्षकाला त्या मान्य करायला लावण्याची ती जागा नव्हे.

इंग्रजीतले अप्रत्यक्ष कथन मराठीत आणताना काय जपावे?

उलटा प्रवास करावा, म्हणजे क्रियापद पुन्हा एक पायरी पुढे आणावे. “ही सेड दॅट ही वॉज इल” याचे ‘तो म्हणाला की तो आजारी होता’ असे भाषांतर पुस्तकांत, बातम्यांत आणि चित्रपटांच्या उपशीर्षकांत वारंवार आढळते. मराठी वाचक त्यावरून तो आता बरा झाला असावा असे समजतो, आणि हा दुसरा ‘तो’ कोण, हाही प्रश्न त्याला पडतो. ‘आपण आजारी आहोत असे तो म्हणाला’ हे मराठी झाले. बोलणाऱ्यासाठी ‘आपण’ वापरण्याची ही सोय आपल्या भाषेत असताना अनुवादक ती विसरतात, याचे मला नेहमी नवल वाटते.

‘हॅड’ आला की तर अधिकच जपावे लागते. “शी सेड शी हॅड नेव्हर सीन द सी” याचे मराठी ‘तिने समुद्र कधी पाहिला नव्हता असे ती म्हणाली’ असे केले, तर मधल्या काळात तिने तो पाहिला असावा असा भास होतो. मूळ वाक्यातली बाई बोलली तेव्हा समुद्र तिच्यासाठी अजून न पाहिलेलाच होता: ‘समुद्र मी कधी पाहिलाच नाही, असे ती म्हणाली.’